रिसीव्हर जातो तेव्हा: ग्रीन बेच्या मार्च महिन्यातले अनुभवाचे बोल

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं जेमतेम लाखभर वस्तीचं शहर आहे. एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत खेळणारा ग्रीन बे पॅकर्स हा इथला संघ. हा संघ कुणा एका धनिकाच्या मालकीचा नाही. १९२३ पासून तो लोकांचा आहे आणि आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. नोकरीच्या निमित्ताने या भागात येऊन मला बरीच वर्षं झाली. इथल्या थंडीची सवय व्हायच्या आधीच संघाची ओढ लागली.

दर वर्षी मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी उघडते. एका बुधवारी आमच्याकडे दुपारचे तीन वाजले, की करार संपलेले खेळाडू कुठल्याही संघात जायला मोकळे होतात. बोलणी करायची मुभा दोन दिवस आधीच मिळत असल्यामुळे बातम्या सोमवारपासूनच येऊ लागतात. त्या आठवड्यात कचेरीतल्या जेवणाच्या टेबलावर, न्हाव्याच्या दुकानात, शुक्रवारी माशांचं जेवण घेताना, सगळीकडे एकच वाद चालतो: अमुक गेला, आता काय होणार? जाणारा रिसीव्हर असेल, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा, तर हा वाद अधिकच पेटतो. रिसीव्हरचे झेल सगळ्यांना दिसलेले असतात. त्याच्या नावाचे शर्ट घरोघरी असतात.

असे वाद ऐकत आणि स्वतः घालत मी हा खेळ शिकले. माणसं कशी विचार करतात हेही त्यातच कळलं. जे उमगलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी कॅप पाहा, मग रागवा

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला वरची मर्यादा आहे. तिला सॅलरी कॅप म्हणतात. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत ठरावीक रक्कम असते, त्यातलाच हा प्रकार. १९९४ मध्ये ही मर्यादा आली तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाखांवर आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाखांवर पोचली. एवढ्यात पन्नासहून जास्त खेळाडू सांभाळायचे असतात.

शिवाय जुन्या करारांचं ओझं असतं. करार करताना खेळाडूला एकरकमी मोठा बोनस मिळतो, पण हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. खेळाडू मध्येच गेला तर उरलेले हप्ते संघाच्या खाती पडतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, आणि त्याच्या नावावरचे सुमारे ४ कोटी डॉलर त्या मोसमात ग्रीन बेच्या हिशेबात राहिले. त्या वर्षीची कॅप २२ कोटी ४८ लाख होती. म्हणजे सहाव्या हिश्श्याहून मोठी रक्कम मैदानात नसलेल्या माणसावर खर्ची पडली. त्याच मार्चमध्ये रिसीव्हर ॲलन लझार्डला जेट्सने ४ वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले. त्याला का सोडला, हा प्रश्न त्या वर्षी मला अनेकांनी विचारला. मी आधी ही बेरीज मांडून दाखवत असे. बेरीज पाहिल्यावर राग जातोच असं नाही, पण तो योग्य जागी वळतो: हा रिसीव्हर का सोडला याऐवजी तो जुना करार तसा का केला, असा प्रश्न पुढे येतो. खरा वाद तिथून सुरू होतो.

२. गेलेले सगळे एकाच दाराने जात नाहीत

चाहत्यांच्या बोलण्यात "गेला" हा एकच शब्द असतो. जाण्याच्या वाटा मात्र तीन आहेत, आणि प्रत्येकीचा हिशेब निराळा.

पहिली वाट ट्रेडची. २०२२ च्या मार्चमध्ये रिसीव्हर डवांटे ॲडम्स लास व्हेगास रेडर्सकडे गेला तो असा. आदल्या मोसमात त्याने १२३ झेल आणि १५५३ यार्ड (झेलांमधून संघाला मिळवून दिलेलं अंतर) मिळवले होते. त्याच्या बदल्यात ग्रीन बेला ड्राफ्टमधली, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, २२ वी आणि ५३ वी जागा मिळाली. ॲडम्सला स्वतःला २०१४ मध्ये ५३ व्या जागेवरच निवडलं होतं. ती ५३ वी आणि आपली ५९ वी जागा मिनेसोटाला देऊन संघ ३४ व्या जागेपर्यंत वर सरकला आणि तिथे त्याने ख्रिश्चन वॉटसन हा उंच, वेगवान रिसीव्हर घेतला.

दुसरी वाट संघाने स्वतःहून मोकळं करण्याची. २०१८ च्या मार्चमध्ये रिसीव्हर जॉर्डी नेल्सनला असं मोकळं केलं. त्या दिवशी माझ्या ओळखीची कितीतरी माणसं हळहळली. अशा जाण्याच्या बदल्यात संघाला काहीच मिळत नाही, फक्त कॅपमध्ये जागा होते.

तिसरी वाट करार संपून जाण्याची, म्हणजे खरी फ्री एजन्सी. इथे एक नियम बहुतेकांच्या ध्यानात नसतो. बाहेरून आणलेल्यांपेक्षा अधिक किंवा अधिक मोलाचे खेळाडू गमावले, तर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीत भरपाईची जागा मिळू शकते. गेलेल्याला नव्या संघात किती पगार मिळाला आणि तो किती खेळला, यावर ती फेरी ठरते.

या नियमाची ताकद मला रिसीव्हर ग्रेग जेनिंग्जमुळे कळली. २०११ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गला ३१–२५ असं हरवून पॅकर्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, त्यात जेनिंग्जचे दोन टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेले गुण) होते. २०१३ मध्ये तो फ्री एजंट म्हणून गेला आणि गेला तोही आमच्या सख्ख्या शेजारी प्रतिस्पर्ध्याकडे, मिनेसोटा व्हायकिंग्जकडे. गावात संताप होता. पुढच्या वर्षी भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीतली ९८ वी जागा मिळाली आणि तिथे रिचर्ड रॉजर्स हा टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा खेळाडू, घेतला गेला. ३ डिसेंबर २०१५ ला डेट्रॉइटमध्ये सामन्याची वेळ संपलेली असताना ॲरन रॉजर्सने शेवटचा चेंडू ६१ यार्ड लांब, उंच आभाळात फेकला. गर्दीत उडी मारून तो झेलला याच रिचर्ड रॉजर्सने, आणि पॅकर्स २७–२३ जिंकले. जेनिंग्ज गेला नसता तर तो झेल झाला नसता असं मी म्हणणार नाही. पण संघाने काय गमावलं हे मोजताना हातात काय आलं तेही मोजायचं, हे मी तेव्हापासून पाळते.

३. चेंडूवरची नजर काढून पाहा

आमच्या गल्लीत कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. मोसमाची तिकिटं त्यांच्या घरात वडिलांपासून चालत आलेली आहेत. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा लॅम्बो फील्ड या पॅकर्सच्या मैदानावर गेले तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "चेंडू कुठं जातो ते टीव्हीवर दिसतंच. इथं बसल्यावर ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ."

लझार्डचं मोल मला असं बघूनच समजलं. तो २०१८ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता. जॅक्सनव्हिलच्या सराव पथकातून ग्रीन बेने त्याला उचललं. उंच, धिप्पाड अंगाचा हा गडी धावपटूसाठी वाट मोकळी करायला समोरच्या बचावपटूला अडवायचा, आणि बहुतेक रिसीव्हरना नको असलेलं हे काम मनापासून करायचा. त्याची नोंद झेलांच्या तक्त्यात होत नाही.

मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंगचंही तसंच. २०२० मध्ये दर झेलामागे सरासरी २०.९ यार्ड मिळवून तो सगळ्या लीगमध्ये पहिला होता, तरी हातातून निसटलेल्या चेंडूंमुळे लोक त्याच्यावर चिडायचे. पण तो सरळ रेषेत सुसाट निघाला की मागचा बचावपटू त्याच्या धाकाने मागे मागे सरकायचा आणि मधली जागा ॲडम्ससाठी रिकामी व्हायची. २०२२ मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला, तिथे त्याने दोन सुपर बोल जिंकले, आणि त्यांपैकी दुसऱ्यात टचडाउनही केला.

म्हणून कुणी गेला की मी आधी विचारते: चेंडू हातात नसताना तो काय करत होता, आणि ते काम आता कोण करणार? झेल भरून काढायला माणसं मिळतात. न दिसणारं काम भरून काढणारा शोधावा लागतो.

४. झेल अर्धा फेकणाऱ्याचा असतो

जेनिंग्जने मिनेसोटात पहिल्या मोसमात ८०४ यार्ड आणि ४ टचडाउन केले. वाईट खेळ नव्हता, पण ग्रीन बेतला तो जेनिंग्जही नव्हता. दोन मोसमांनंतर त्या संघाने त्याला सोडलं. लझार्डने २०२२ मध्ये इथे ७८८ यार्ड मिळवले होते. २०२३ मध्ये जेट्सकडे ते ३११ वर आले, कारण ज्याच्या भरवशावर तो तिथे गेला तो ॲरन रॉजर्स पहिल्याच सामन्याच्या सुरुवातीला टाचेची शीर तुटून मोसमातून बाहेर पडला होता.

ही उदाहरणं देऊन कुणी म्हणतं, "बघा, सगळी कमाल क्वार्टरबॅकची." मग मी ॲडम्सचं नाव घेते. रॉजर्सला सोडून गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने १०० झेल, १५१६ यार्ड आणि १४ टचडाउन केले. काही रिसीव्हर घडी बसलेल्या संघात खुलतात, आणि अगदी थोडे कुठल्याही संघात खेळले तरी तेवढेच राहतात. जाणारा यांपैकी कोणता, हे ओळखता आलं की निम्मा वाद मिटतो. मोठी किंमत मोजायची ती दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूसाठी.

५. तुटवडा पहिल्या वर्षी दिसत नाही

हा बोल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१३ मध्ये जेनिंग्ज गेला. २०१४ मध्ये जेम्स जोन्स ओकलंडला गेला. हा तोच जोन्स, ज्याने २०१२ मध्ये १४ टचडाउन झेलून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. दोन वर्षांत दोन चांगले रिसीव्हर गेले आणि २०१४ मध्ये काय झालं? पॅकर्सनी १२ सामने जिंकले आणि सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त गुण केले. जॉर्डी नेल्सनने १५१९ यार्ड मिळवले, रँडल कॉब त्याच्या जोडीला उभा राहिला. त्या हिवाळ्यात कुणी जोन्सचा विषय काढला तर लोक हसायचे.

मग २३ ऑगस्ट २०१५ आला. पिट्सबर्गमधल्या सरावसामन्यात नेल्सनच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आणि तो पूर्ण मोसमाला मुकला. आता मागे वळून पाहिलं तर कॉब सोडून फळीत कुणी जाणतं माणूसच नव्हतं. कॉबवर दुहेरी पहारा बसू लागला. तरुण ॲडम्स चाचपडत होता. शेवटी संघाने कुणाला बोलावलं? जेम्स जोन्सला. ओकलंडने त्याला सोडलं होतं, न्यूयॉर्क जायंट्सनेही मोसमाच्या तोंडावर सोडलं होतं. तो आला आणि पहिल्याच सामन्यात शिकागोविरुद्ध त्याने दोन टचडाउन केले. त्या मोसमात त्याने ८९० यार्ड आणि ८ टचडाउन जमवले.

एखाद्या जागेवरची फळी पातळ झाली की सगळं सुरळीत असेपर्यंत ते कळतच नाही. दुखापत झाली की कळतं, आणि दुखापत या खेळात केव्हा ना केव्हा होतेच. म्हणून "गेल्या वर्षी एक गेला, काय बिघडलं?" हा युक्तिवाद मी मानत नाही. दोन-तीन वर्षांत मिळून किती गेले आणि किती आले, हे एकत्र पाहावं लागतं. एकेका मार्चचा हिशेब फसवा निघतो.

६. नव्या पोराला दोन हिवाळे द्या

ज्या ॲडम्सच्या जाण्याने २०२२ मध्ये लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यालाच २०१५ मध्ये इथली माणसं नको म्हणत होती. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. नेल्सनच्या दुखापतीनंतर त्याच्याकडून फार अपेक्षा होत्या. त्याच्या दिशेने नव्वदहून जास्त चेंडू फेकले गेले, त्यातले ५० त्याने झेलले, आणि टचडाउन झाला फक्त एक. चेंडू हातातून सुटायचे, घोट्याची दुखापत सोबतीला होती. "दुसऱ्या फेरीतली जागा वाया घालवली," असं बोललं जायचं. पुढच्या वर्षी त्याने १२ टचडाउन केले. त्यानंतर त्याच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही.

ॲडम्सच्या बदल्यातून आलेल्या वॉटसनची सुरुवात तर आणखी खडतर झाली. ११ सप्टेंबर २०२२, मिनेसोटातला मोसमाचा पहिला सामना, पॅकर्सचा पहिलाच डाव. वॉटसन पहारा चुकवून एकटाच पुढे निघाला, रॉजर्सने चेंडू नेमका त्याच्या हातांत टाकला, समोर ७५ यार्डांची मोकळी वाट होती, आणि चेंडू सुटला. दुसऱ्या दिवशी कचेरीत दुसरा विषय नव्हता. १३ नोव्हेंबरला याच पोराने डॅलसविरुद्ध तीन टचडाउन केले आणि पॅकर्स जादा वेळेत ३१–२८ जिंकले.

कॉलेजातून एनएफएलमध्ये येणाऱ्या रिसीव्हरला बरंच काही नव्याने शिकावं लागतं. समोरचा बचाव चेंडू सुटायच्या क्षणी बदलतो, तो वाचायचा आणि तोच बदल क्वार्टरबॅकनेही वाचला असेल असं धरून वळायचं. दोघांचं वाचन जुळलं नाही की चेंडू एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. हे जुळायला सराव लागतो, वेळ लागतो. गेलेल्याच्या आठव्या मोसमाशी आलेल्याच्या पहिल्या महिन्याची तुलना करणं हा त्या पोरावर अन्याय आहे. ड्राफ्टमधला क्रमांकही फार मनावर घेऊ नये. २०१८ मध्ये ग्रीन बेने तीन रिसीव्हर घेतले. त्यांत सर्वांत आधी, चौथ्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचा दुसऱ्या मोसमाआधीच निरोप झाला. पाचव्या फेरीतला वाल्डेस-स्कँटलिंग मात्र टिकला.

७. एकाची जागा चौघं भरू शकतात, पण काही काळच

२०२३ चा मोसम सुरू झाला तेव्हा ॲडम्स, वाल्डेस-स्कँटलिंग, लझार्ड, कॉब आणि खुद्द ॲरन रॉजर्स यांपैकी कुणीही उरलं नव्हतं. जॉर्डन लव्ह हा नवा क्वार्टरबॅक होता आणि त्याचा प्रत्येक रिसीव्हर एनएफएलमधल्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात होता: वॉटसन, रोमिओ डॉब्ज, जेडन रीड, डोंटेव्हियन विक्स. पहिल्या सातपैकी पाच सामने हरले. ऑक्टोबरमध्ये आजोबांच्या ओसरीवर बसून आम्ही बोलत होतो तेव्हा सरव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. आजोबा तेवढे म्हणाले, "थांबा. पोरं एकमेकांना ओळखायला लागली आहेत."

संघ ९–८ वर आला आणि कसाबसा बाद फेरीत पोचला. १४ जानेवारी २०२४ ला डॅलसच्या मैदानावर पॅकर्सने ४८–३२ असा विजय मिळवला. सातव्या मानांकनाच्या संघाने बाद फेरीत सामना जिंकण्याची ती पहिलीच वेळ. डॉब्जने त्या दिवशी १५१ यार्ड मिळवले. त्या मोसमात ग्रीन बेच्या एकाही रिसीव्हरचे हजार यार्ड झाले नव्हते. रीड सर्वांत पुढे होता, तोही ७९३ वर. पण नेमकं कुणाला अडवायचं हे समोरच्या संघाला ठरवता येत नव्हतं. विभागून केलेल्या कामाचा हाच फायदा.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती तितक्याच जोराने मांडायला हवी. २०२४ मध्येही हजार यार्ड कुणाचेच झाले नाहीत. आणीबाणीच्या क्षणी, तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड हवे असताना, सगळ्या मैदानाला माहीत असूनही ज्याच्याकडे चेंडू जाणार आणि जो तो झेलणार, असा माणूस संघात दिसेना. बाद फेरीत फिलाडेल्फियाने पॅकर्सना १० गुणांवर रोखलं. २४ एप्रिल २०२५ ला खुद्द ग्रीन बेमध्ये ड्राफ्ट भरला आणि संघाने पहिल्या फेरीत मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हर घेतला. त्याआधी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला होता तो २००२ मध्ये. मैदानाबाहेर जमलेल्या लोकांनी जो जल्लोष केला त्यातच या वादाचं उत्तर होतं. चौघं मिळून मोसम निभावून नेतात, पण मोठ्या सामन्यात एक ॲडम्स लागतो. माझं मत असं बनलं आहे की मधल्या दर्जाचे चार खेळाडू गेले तरी चालतं. पहिल्या क्रमांकाचा गेला की त्याची जागा भरायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं लागणार हे धरूनच त्याला सोडायचा निर्णय व्हायला हवा.

८. जाणाऱ्याला गद्दार म्हणू नका

ॲडम्स गेला तेव्हा त्याला पैशाचा लोभी म्हणणारे मी पाहिले. रेडर्सशी त्याचा पाच वर्षांचा करार १४ कोटी डॉलरच्या घरातला होता. पण तेवढे पैसे मोजायची ग्रीन बेचीही तयारी होती, हे नंतर उघड झालं. त्याला कॉलेजातला सवंगडी डेरेक कारबरोबर पुन्हा खेळायचं होतं आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या माणसांच्या जवळ राहायचं होतं. रेडर्सने पुढच्याच वर्षी कारला सोडलं, हा नशिबाचा भाग. निवड त्याची होती आणि ती करायचा त्याला हक्क होता.

हा हक्क खेळाडूंना सहज मिळालेला नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठे १९९३ मध्ये आजच्या स्वरूपातली फ्री एजन्सी आली. त्या लढ्यातल्या मुख्य खटल्यावर ज्याचं नाव होतं तो बचावपटू रेजी व्हाइट. मोकळा झाल्यावर त्याच्यासाठी मोठमोठ्या शहरांचे संघ रांगेत उभे होते. तो आला ग्रीन बेला, ४ वर्षं आणि १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर. जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सने न्यू इंग्लंडला ३५–२१ ने हरवून सुपर बोल जिंकला, त्यात व्हाइटने क्वार्टरबॅकला तीनदा चेंडूसकट पाडलं. ज्या वाटेने व्हाइट आमच्याकडे आला, त्याच वाटेने लझार्ड गेला. येणाऱ्याला डोक्यावर घ्यायचं आणि जाणाऱ्याला शिव्या द्यायच्या, हे न्यायाला धरून नाही.

आमच्या भागातली मराठी मंडळी गुढीपाडव्याला एकत्र जमतात तेव्हा बरेचदा फ्री एजन्सी नुकतीच होऊन गेलेली असते. श्रीखंड वाढता वाढता तिथेही हा विषय निघतोच. एकदा एका तरुणाने गेलेल्या खेळाडूबद्दल फार कडवट शब्द काढले. मी त्याला म्हटलं, "अरे, इथं बसलेला प्रत्येक जण चांगली संधी मिळाली म्हणून आपलं गाव, आपले आईवडील मागे ठेवून आलाय. आपल्याला कुणी गद्दार म्हटलेलं चालेल का?" तो गप्प झाला, आणि मग शांतपणे लझार्डच्या जागी कोण खेळेल यावर बोलू लागला. मला तेवढंच हवं होतं.

गेलेले परतही येतात, हेही ध्यानात ठेवावं. जोन्स आला. कॉब २०१९ मध्ये गेला आणि २०२१ मध्ये परतला. ज्याला हाकलल्यासारखं बोललो त्याच्यासाठीच पुन्हा टाळ्या वाजवायची वेळ येते.

९. मालकासारखं भांडा

पॅकर्सचा भाग विकत घेणाऱ्याला लाभांश मिळत नाही आणि तो भाग नफ्यावर विकताही येत नाही. २०२१–२२ मध्ये एक भाग ३०० डॉलरला होता, आणि लोकांनी तो आनंदाने घेतला. दर उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर भागधारकांची सभा भरते, संचालक निवडले जातात, जमाखर्च मांडला जातो. कोणता रिसीव्हर ठेवायचा यावर मात्र मतदान होत नाही. तो निर्णय सरव्यवस्थापकाचा, आणि ते योग्यच आहे.

मग भांडायचं कशाला? कारण संघ आपला आहे, आणि आपल्या गोष्टीबद्दल माणसाने जाणून घेतलं पाहिजे, विचारलं पाहिजे. या वादांमधूनच इथल्या पोरांना टक्केवारी आणि करार म्हणजे काय ते कळतं, म्हाताऱ्यांना आपल्या आठवणी कुणाला तरी देता येतात, आणि माझ्यासारख्या दूरवरून आलेल्या माणसाला शेजार मिळतो. आजोबा आणि मी कित्येक बाबतींत एकमेकांशी सहमत नाही. ॲडम्सला कोणत्याही किमतीत थांबवायला हवं होतं असं ते आजही म्हणतात. मला मिळालेला मोबदला ठीक वाटतो, त्याची जागा भरायला केलेला उशीर चुकीचा वाटतो. पण दोघांनाही कॅपची बेरीज पाठ आहे, दोघांनी वॉटसनला वेळ दिला आणि दोघांपैकी कुणीही ॲडम्सला नावं ठेवली नाहीत.

पुढच्या मार्चमध्येही कुणी ना कुणी जाईल. तेव्हा नव्याने या खेळात पडलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: मत देण्याआधी चार गोष्टी विचारा. तो कोणत्या दाराने गेला? चेंडू नसताना तो कोणतं काम करत होता? गेल्या तीन वर्षांत त्या जागेवरून एकूण किती गेले? आणि त्याच्या जागी येणाऱ्याला आपण किती वेळ देणार आहोत? या चारही प्रश्नांची उत्तरं घेऊन या आणि मग हवं तेवढं भांडा. अशा भांडणाने संघाचं नुकसान कधीच होत नाही, आणि आपल्याला खेळ दर वर्षी थोडा अधिक कळतो.